गोलखांबांमधला राखणदार

श्रोतेहो, पोलादपूरच्या नाक्यावर उभे राहिले म्हणजे रस्त्याला तीन तोंडे फुटलेली दिसतात. एक तोंड आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरकडे जाते. दुसरे महाडवरून मुंबईची वाट धरते. आणि तिसरे कशेडीचा डोंगर ओलांडून, खेड-चिपळूण मागे टाकून, पार सावंतवाडीच्या पलीकडे गोव्यात उतरते. रस्ता एकच, डोंगर तेच सह्याद्रीचे, माती तीच तांबडी आणि पाऊसही तसाच धो धो. भात दोन्हीकडे, मासळी दोन्हीकडे. पण खेळाच्या बाबतीत मात्र या रस्त्याची दोन टोके अगदी निराळी. आपल्याकडे भात कापून झोडणी उरकली, की पोरे फक्कीने कबड्डीचे मैदान आखतात. गोव्यात त्याच सुमारास, तशाच उघड्या पडलेल्या शेतात, दोन्ही बाजूंना बांबू रोवून फुटबॉल सुरू होतो.

आज मी त्या दुसऱ्या टोकाच्या एका माणसाची हकीगत सांगणार आहे. ब्रह्मानंद शंखवाळकर हे त्यांचे नाव. ते फुटबॉलमधले गोलरक्षक, म्हणजे बोलीत ज्याला आपण गोलकीपर किंवा नुसताच 'गोली' म्हणतो ते. पुढे ते गोलरक्षकांचे शिक्षक झाले. आपल्या भागात फुटबॉल फारसा खेळला जात नाही हे मला ठाऊक आहे. तरी ही हकीगत आपल्याला परकी वाटू नये, आणि का वाटू नये ते पहिल्यांदा सांगतो.

दसऱ्याच्या आगेमागे भात पोटरीतून बाहेर पडून पिकायला लागले, की डोंगराकडेच्या शेतात माळा बांधून राखण करावी लागते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत सहा महिन्यांची मेहनत तुडवून जातो. हा राखणदार रात्र रात्र डबा बडवीत, हाळी देत जागा असतो. वीस रात्री डुक्कर शेतात शिरले नाही, तर सकाळी त्याला कुणी शाबासकी देत नाही. पीक शाबूत आहे, एवढेच लोक पाहतात. पण एकविसाव्या रात्री त्याचा डोळा लागला आणि कळप शिरला, तर सारा गाव त्याच्याच नावाने बोटे मोडतो. फुटबॉलमधल्या गोलरक्षकाचे जिणे हे असे आहे. त्याच्या कामाचा हिशेब शून्यात मांडतात. काही घडले नाही, म्हणजे काम चोख झाले.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे मोजमाप देतो. फुटबॉलचा गोल, म्हणजे दोन खांब आणि वरची आडवी दांडी मिळून जी चौकट होते ती, चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असते. एखाद्या मोठ्या गोठ्याची सबंध भिंत काढून टाकली तर जेवढे खिंडार पडेल तेवढी ही जागा. ती एकट्या माणसाने राखायची. पेनल्टी म्हणजे दंडाची लाथ मारतात ती बारा यार्डांवरून, म्हणजे साधारण अकरा मीटरवरून. चांगला मारणारा ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने चेंडू हाणतो. हिशेब करून पाहा, चेंडू गोलात पोचायला सेकंदाचे जेमतेम चार दशांश लागतात. तेवढ्यात चेंडू कुठे चालला हे ओळखायचे, आणि तेवढ्यातच अंग झोकून द्यायचे.

अकरा जणांत हात लावायची मुभा त्या एकालाच. हीही मुभा सुरुवातीपासून नव्हती. इंग्लंडमध्ये या खेळाचे नियम १८६३ साली लिहिले गेले, पण गोलरक्षकाचा वेगळा उल्लेख नियमांत आला तो १८७१ साली. पुढे कित्येक वर्षे त्याला मैदानाच्या आपल्या सबंध अर्ध्या भागात चेंडू हाताळता येत असे. १९१२ साली नियम बदलला आणि त्याचे हात फक्त पेनल्टीच्या चौकोनापुरते मोकळे राहिले. त्या आधी तीन वर्षे, १९०९ साली, त्याने इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा सदरा घालावा असे ठरले. तेव्हापासून तो वेगळ्या कपड्यातला, वेगळ्या नियमाचा आणि बहुतेक वेळ एकटा उभा असलेला गडी झाला.

आता गोव्याकडे वळू. गोव्यात फुटबॉल आणला तो एका धर्मगुरूने, असे सांगतात. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे १८८३ साली हवापालटासाठी बार्देशातल्या शिवोली गावी आले आणि तिथल्या मुलांना त्यांनी हा खेळ शिकवला. पुढे चर्चच्या शाळांमधून तो गावोगाव गेला. गंमत अशी, की राज्य पोर्तुगिजांचे आणि खेळ इंग्रजांचा. पण खेळाला राज्याची सरहद्द कुठे माहीत असते! १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तोवर हा खेळ तिथल्या ख्रिस्ती आणि हिंदू अशा दोन्ही समाजांच्या अंगवळणी पडला होता. देवळाच्या जत्रेला नाटक आणि चर्चच्या फेस्ताला फुटबॉलचा सामना, अशी जणू वाटणीच झालेली.

मुक्तीनंतर आणखी एक गोष्ट घडली. लोखंडाच्या खाणी चालवणाऱ्या कंपन्यांनी आपापले संघ जोपासले. साळगावकर, धेंपो, सेसा ही नावे खनिजाच्या व्यवहारात जशी ऐकू येत, तशीच मैदानावरही. वास्कोच्या साळगावकरांचा क्लब तर १९५६ सालचा, म्हणजे मुक्तीच्याही आधीचा. या क्लबांमुळे खेळणाऱ्या पोराला पगाराची नोकरी मिळू लागली. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे चांगला कबड्डीपटू विशीत पोचला, की मुंबईला गिरणीत किंवा गोदीत पोट भरायला जाई. त्याच्या खेळाचे पुढे काय होई ते त्या गिरणीच्या मर्जीवर. गोव्यातल्या पोराला खेळण्यासाठी गाव सोडावे लागले नाही. ज्या मुलखात खेळ पोट भरतो, त्या मुलखात खेळ टिकतो.

ब्रह्मानंद शंखवाळकरांचा जन्म ६ मार्च १९५४ चा, पणजीजवळच्या ताळगावचा. गोवा मुक्त झाला तेव्हा हे पोर सात वर्षांचे. म्हणजे ज्या पिढीचे बालपण परक्या राज्यात गेले आणि तारुण्य स्वतंत्र भारताच्या मैदानांवर, त्या पिढीचे ते. विसाव्या वर्षी, १९७४ साली, ते साळगावकर क्लबात दाखल झाले आणि तिथे त्यांनी एक-दोन नव्हे, सतरा वर्षे काढली. त्यानंतर चर्चिल ब्रदर्स आणि अँडरसन मरीन या संघांकडूनही ते खेळले. एकूण हिशेब पाव शतकाच्या घरात जातो. गोल करणारा पुढचा गडी तिशी ओलांडली की पायातून उतरतो, गोलरक्षकाचे मात्र तिशीनंतरच खरे पिकत जाते. पायांची चपळाई थोडी कमी झाली तरी चालते, चेंडू कुठून येणार हे आधी कळणे जास्त मोलाचे असते.

राज्याराज्यांच्या संघांमध्ये संतोष करंडकाची स्पर्धा १९४१ पासून होत आली आहे. या स्पर्धेवर बंगालची मोठी सत्ता. फुटबॉल म्हटला की कलकत्ता, असे समीकरण देशभर रूढ झालेले. १९८२-८३ च्या मोसमात ही स्पर्धा कलकत्त्यातच झाली आणि अंतिम सामन्यात बंगालसमोर उभा राहिला गोवा. कप्तान आणि गोलरक्षक ब्रह्मानंद. श्रोतेहो, जरा चित्र डोळ्यांसमोर आणा. मैदान बंगालचे, प्रेक्षक बंगालचे, फुटबॉलचे वेड रक्तात भिनलेले ते शहर, आणि समोर एका चिमुकल्या केंद्रशासित प्रदेशाचा संघ. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला तो १९८७ साली, तेव्हा ही गोष्ट त्याच्या चार वर्षे आधीची. सामना सुटला शून्य-शून्य. पुन्हा सामना ठेवला. तोही शून्य-शून्य. शेवटी दोन्ही संघांना मिळून करंडक दिला. गोव्याने संतोष करंडकावर नाव कोरले ते हे पहिल्याने.

वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हे दोन शून्यांचे निकाल नीरस वाटतील. गोल नाही म्हणजे मजा नाही, अशी आपली समजूत. पण ही दोन शून्ये आपल्या बाजूला राखणे म्हणजे काय, हे त्या चौकटीत उभ्या राहिलेल्या माणसाला विचारावे. पुढच्याच मोसमात, १९८३-८४ मध्ये, मद्रासला गोव्याने पंजाबला १-० ने हरवून करंडक एकट्याच्या बळावर मिळवला, आणि त्या सबंध स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. कप्तान ब्रह्मानंदच. आपल्या राखणदाराच्या भाषेत बोलायचे, तर सबंध हंगामात एक लोंबी गेली नाही.

याच सुमारास भारतीय संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले. १९८३ ते १९८६ या काळात ते देशाचे कप्तान होते. त्यांच्या क्लबानेही मागे राहायचे नाही असे ठरवले असावे, कारण १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे साळगावकर संघाने फेडरेशन चषक जिंकला. १९९७ साली शंखवाळकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२२ साली पद्मश्री. फुटबॉलपटूंपैकी पद्मश्रीचा पहिला मान १९६२ साली बंगालच्या गोष्ठ पाल यांना मिळाला होता. तेही गोल करणारे नव्हते, मागच्या फळीत भिंत होऊन उभे राहणारे होते.

शंखवाळकरांच्या आधीही आपल्या देशात थोर गोलरक्षक झाले, त्यांची थोडी ओळख करून द्यायला हवी. मुंबईच्या माटुंग्यात वाढलेले एस. एस. नारायण हे १९५६ च्या मेलबोर्न आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकला भारतीय संघात होते. मेलबोर्नला आपला संघ चौथा आला. त्याच दोन्ही ऑलिंपिकना त्यांच्या जोडीला होता हैदराबादचा पीटर थंगराज. सहा फुटांच्या वर उंचीचा हा लष्करातला जवान सुरुवातीला पुढे खेळून गोल करत असे. मद्रास रेजिमेंटच्या संघात तो पुढे गोल राखू लागला, आणि त्या संघाने १९५५ व १९५८ साली ड्युरँड चषक जिंकला. हल्ला कसा करायचा हे ज्याच्या अंगात मुरलेले आहे, त्याला राखण करताना समोरच्याच्या मनातले आधी कळते, याचा हा उत्तम दाखला.

थंगराजची सर्वांत मोठी कसोटी १९६२ साली जाकार्ताला लागली. आशियाई क्रीडास्पर्धांचा अंतिम सामना, समोर दक्षिण कोरिया. याच कोरियाने आधी साखळीत आपल्याला दोन गोलांनी हरवलेले. शिवाय राजकीय कारणांनी यजमान शहरातला जमाव भारताच्या विरुद्ध खवळलेला. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी पहिल्या वीस मिनिटांत दोन गोल केले. उरलेला सारा वेळ ते राखायचे होते. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला, दुसरा काही त्यांना साधला नाही, आणि भारताला सुवर्णपदक मिळाले. त्या संघाचे गुरू होते सय्यद अब्दुल रहीम. मास्तर मंडळींनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे, की रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर होते. जाकार्ताला ते गेले तेव्हा असाध्य दुखण्याने त्यांना ग्रासले होते, आणि पुढच्याच वर्षी जून महिन्यात ते वारले.

थंगराजला १९६७ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७१ साली खेळ थांबवल्यावर त्याने शिकवण्याचे काम धरले. गोव्याच्या वास्को संघाला त्याने शिकवले, अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात शिकवले, आणि शेवटी बोकारोच्या पोलाद कारखान्यात मुलांना तयार करत राहिला. २००८ साली त्याचे बोकारोलाच निधन झाले.

गोलरक्षकाने पुढे शिक्षक व्हावे यात नवल काही नाही. उलट मला तर वाटते, की अकरा जणांत त्या कामाला सर्वांत लायक तोच. बाकीचे दहा जण खेळात इतके बुडालेले असतात, की त्यांना आपल्या आसपासचे दहा-वीस पावलांचे मैदान तेवढे दिसते. गोलरक्षकाला समोर सबंध मैदान उघडे. कोण धावतो, कोण दमला, कोण आपली जागा सोडून भटकतो, हे तो नव्वद मिनिटे पाहत असतो आणि ओरडून सांगत असतो. इटलीचा दिनो झोफ चाळीस वर्षांचा असताना १९८२ चा विश्वचषक कप्तान म्हणून उचलता झाला, आणि त्याच देशाच्या संघाचा गुरू होऊन २००० साली त्याने तो युरोपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. स्पेनचा जुना नामांकित गोलरक्षक रिकार्दो झामोरा याने माद्रिदच्या अतलेतिको संघाला १९४० आणि १९४१ अशी लागोपाठ दोनदा देशाची साखळी स्पर्धा जिंकून दिली. त्याही वेळी तो गोलात नव्हता, मैदानाच्या कडेला होता.

पण या कामाला एक काळी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १६ जुलै १९५० ला ब्राझीलमध्ये रिओ शहरातल्या माराकाना मैदानावर विश्वचषकाचा शेवटचा सामना झाला. प्रेक्षक पावणेदोन लाखांच्या घरात. ब्राझीलला जिंकायचीही गरज नव्हती, बरोबरी पुरे होती. सामना १-१ असा असताना उरुग्वेचा गिज्जा उजव्या बाजूने चेंडू घेऊन आला. पहिला गोल झाला होता तो असाच बाजूने येऊन मध्ये चेंडू दिल्यामुळे. ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोझा याला वाटले, की याही खेपेला चेंडू मध्ये येणार. म्हणून तो पाऊलभर सरकला. गिज्जाने चेंडू त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधल्या फटीतून आत मारला. उरुग्वे जिंकले. त्या एका पावलासाठी बार्बोझाला त्याच्या देशाने मरेपर्यंत क्षमा केली नाही. म्हातारपणी तो म्हणे, की आमच्या देशात गुन्ह्याला जास्तीत जास्त तीस वर्षांची शिक्षा आहे, मी पन्नास वर्षे भोगतो आहे. २००० साली तो वारला.

आणि त्याचा तर्क चूक होता काय? मला तसे वाटत नाही. जे एकदा घडले तेच पुन्हा घडेल असे धरून त्याने पाऊल टाकले. कुणीही शहाणा माणूस तेच करील. संघात दहा जण आणखी होते. गिज्जाला तिथवर येऊ देणारे ते दहाच. पण बोट दाखवायला एकटा माणूस सोपा पडतो. शाळेतही हेच चालते. हरलेल्या सामन्यानंतर पोरे घरी जाताना गोल अडवणाऱ्यालाच बोल लावतात.

म्हणून गोलरक्षकाला शिकवणारा माणूस नुसता हातापायांचा शिक्षक असून भागत नाही. शंखवाळकरांनी खेळ सोडल्यावर गोलरक्षकांना तयार करण्याचे काम हाती घेतले आणि भारतीय संघाच्या गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणूनही काम केले. त्यांच्या उमेदीत मोठमोठ्या संघांतसुद्धा गोलरक्षकासाठी निराळा शिक्षक ठेवण्याची चाल फारशी नव्हती. बाकीचे दहा जण सराव करीत आणि गोलरक्षक त्यांच्या लाथा अडवीत राही, तोच त्याचा सराव. विहिरीत ढकलून पोहायला शिकवावे तसा हा प्रकार. पोहायला येते खरे, पण नाकातोंडात पाणी जाऊन.

त्यातच शंखवाळकरांच्या कारकिर्दीच्या शेवटी शेवटी नियमाने मोठी उलथापालथ केली. पूर्वी आपल्याच गड्याने मागे दिलेला चेंडू गोलरक्षक खुशाल हाताने उचलत असे. पुढे असलेला संघ याचा फायदा घेऊन वेळ काढीत बसे, आणि प्रेक्षक कंटाळून जांभया देत. १९९२ साली ठरले, की आपल्या गड्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताळता येणार नाही. हातावर जगणाऱ्या माणसाला एकाएकी पायांनीही खेळणे भाग पडले. वीस-वीस वर्षे मुरलेल्या गोलरक्षकांना नव्याने शिकावे लागले, आणि नव्या पोरांना शिकवणाऱ्यांचे काम दुप्पट झाले. ते काम अजून वाढतेच आहे. २०२५ च्या नव्या नियमाप्रमाणे गोलरक्षकाने आठ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून ठेवला, तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो.

शिकवतात तरी काय, असे कुणी विचारील. चार गोष्टी सांगतो. शाळामास्तरांना उपयोगी पडतील म्हणून त्या जरा विस्ताराने सांगतो.

पहिली उभे राहण्याची. टाचेवर भार टाकून उभा राहिलेला माणूस जागचा हलायला उशीर करतो. भार पायाच्या चवड्यांवर, गुडघे किंचित वाकलेले, हात पुढे. खेकडे धरायला ओढ्यात उभी राहिलेली पोरे आपण पाहतोच, तसे.

दुसरी चेंडू धरण्याची. छातीच्या वर आलेल्या चेंडूमागे दोन्ही पंजे उघडे धरायचे, अंगठे जवळजवळ एकमेकांना टेकलेले, म्हणजे मधून चेंडू निसटत नाही. खाली आलेल्या चेंडूला उलट, करंगळ्या जवळ आणि तळवे समोर. आणि काहीही झाले तरी हातांच्या मागे अंग पाहिजे. हात फसले तर छाती अडवील, छाती फसली तर मांडी. बांध घालताना आपण एकावरच भिस्त ठेवतो काय?

तिसरी गोष्ट कोनाची. हिला सर्वांत महत्त्व, आणि ही समजावून सांगायला सर्वांत सोपी, कारण त्यासाठी मैदानही लागत नाही. रात्री भिंतीसमोर कंदील ठेवा आणि मध्ये हाताचा पंजा धरा. पंजा भिंतीजवळ असेल तर सावली पंजाएवढीच. पंजा कंदिलाकडे नेत जा, सावली वाढत वाढत सारी भिंत झाकून टाकील. चेंडू म्हणजे कंदील, गोल म्हणजे भिंत आणि गोलरक्षक म्हणजे पंजा. मारणारा एकटा समोरून येत असेल, तर रेषेवर खिळून राहण्यापेक्षा चार पावले पुढे आलेला गोलरक्षक त्याच्यापासून कितीतरी मोठा गोल झाकतो. मात्र फार पुढे आला तर डोक्यावरून चेंडू जातो. किती पुढे यायचे, हे कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. इथे पाव शतक मैदानावर काढलेल्या माणसाचा उपयोग.

चौथी बोलण्याची. मुका गोलरक्षक कामाचा नाही. 'माझा!' म्हणून त्याने मोठ्याने हाळी दिली की आपला गडी बाजूला होतो. हाळी नाही दिली, तर आपलेच दोघे एकमेकांवर आदळून चेंडू तिसऱ्याला मिळतो. उंचावरून येणारा चेंडू उडी मारून वरच्या वर घ्यायचा, एक गुडघा वर उचलून, म्हणजे अंगावर येणाऱ्यापासून बचाव होतो.

आता राहिला निवडीचा प्रश्न. आपल्या शाळांतून फुटबॉल किंवा हँडबॉल खेळवतात तेव्हा गोलात कुणाला उभे करतात? बहुधा ज्याला धावता येत नाही त्याला. जाडा, दमेकरी, किंवा ज्याला कुणी आपल्यात घेत नाही असा. 'जा रे, तू गोलात जा,' असे म्हणून त्याला तिकडे हाकलतात, आणि त्यानंतर त्याच्यावर गोल झाले की हसतात. हा त्या मुलावर अन्याय तर आहेच, पण खेळाच्या दृष्टीनेही खुळेपणा आहे. या जागेला वर्गातले सर्वांत धीट, सर्वांत चौकस आणि बऱ्यापैकी उंच मूल हवे. थंगराजसारखा पुढचा पटाईत गडी मागे आणला तेव्हा देशाला आशियातला नामांकित गोलरक्षक मिळाला. मुलींनाही हे तितकेच लागू. कबड्डीत पकड करणाऱ्या आपल्याकडच्या मुलींची नजर आणि मनगट मी पाहिले आहे. ज्यांना चढाई करणाऱ्याचा पाय कुठे पडणार हे आधी कळते, त्यांना चेंडूची दिशा ओळखायला फार दिवस लागू नयेत.

आणि गोल झाल्यावर काय करायचे, हे मास्तरांनी पहिल्या दिवशीच ठरवून टाकावे. झालेल्या गोलाची चर्चा सामना संपेपर्यंत नाही. चेंडू जाळ्यातून काढून मधल्या वर्तुळाकडे फेकायचा आणि पुन्हा चवड्यांवर उभे राहायचे. सामना संपल्यावर चर्चा करायची ती सर्वांची, चेंडू कुणाकुणाच्या पायांजवळून तिथवर आला त्या क्रमाने. शेवटी गोलरक्षकाचे नाव येते, पहिल्याने नव्हे.

आपल्या भागातल्या शाळांची मैदाने डोंगर कापून केलेली, लहान आणि मुरमाड. तिथे अंग टाकायचे म्हणजे कोपर आणि गुडघा सोलून निघणार, आणि एकदा का मुलाला पडण्याची भीती बसली की ते पुन्हा अंग झोकून देत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे चेंडू लांबून मारूच नये. नुसते पडायला शिकवावे. पोटावर पडायचे नाही, कोपरावर पडायचे नाही. कुशीवर पडायचे. आधी हातातला चेंडू जमिनीला टेकतो, मग हाताचा खालचा भाग, मग खांदा आणि कूस. प्रथम गुडघ्यावर बसून, नंतर ओणवे राहून आणि शेवटी उभ्याने. दिवाळीच्या सुट्टीनंतर हा सराव सुरू करावा. भात झोडून झालेले असते आणि पेंढा घरोघर रचलेला असतो. चार-पाच भारे पेंढा मागून आणला आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात वीतभर जाड पसरला, म्हणजे गादीचे काम भागते. सराव संपल्यावर पेंढा झटकून ज्याचा त्याला परत द्यावा. गुरांना तो तसाच चालतो.